परदेशी स्पोर्ट्सवेअर ब्रँडनं कार्बनचा हिशेब आणि कोळशाचं हमीपत्र मागितलंय. शिलाई युनिटनं काय भरायचं?

कागल_शिलाई

मंडळी, युनिट कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत आहे. ट्रॅकसूट, जर्सी, शॉर्ट्स यांचं कटिंग, शिलाई आणि फिनिशिंग होतं. माल बायिंग हाऊसमार्फत एका परदेशी स्पोर्ट्सवेअर ब्रँडला जातो, थोडा देशी ब्रँडलाही. आता फॉर्म आलाय: मागच्या वर्षाचं स्कोप १ (स्वतः जाळलेलं इंधन वगैरे) आणि स्कोप २ (विकत घेतलेली वीज) उत्सर्जन द्या, सोबत 'कोळसा वापरत नाही, वापरणार नाही' असं हमीपत्र द्या.

आकडे असे. वीज महिन्याला सरासरी १८,००० युनिट. जनरेटरला साधारण ३०० लिटर डिझेल. स्टीम प्रेसच्या छोट्या बॉयलरला महिन्याला ४ टन बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या विटा. दगडी कोळसा अजिबात नाही. पॉलिएस्टर निट कापड सुरत आणि तिरुपूरहून रंगून येतं, खिशाचं आणि अस्तराचं कापड इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधून (कापड रंगवणारा कारखाना).

प्रश्न:
१. कार्बन डायऑक्साइडचे टन कसे काढायचे?
२. ब्रिकेट शून्य धरायच्या, असं एका सल्लागाराचं म्हणणं आहे. बरोबर आहे का?
३. छतावर १०० किलोवॅट सोलर टाकलं तर या हिशेबात किती फरक पडेल?
४. ब्रँडच्या साइटवर '२०३० पर्यंत ३० टक्के कपात' असं लिहिलंय. ती कपात नेमकी कुणी करायची?

---

युनिट_मोजणारा

पहिल्या तीन प्रश्नांपुरतं लिहितो.

वीज म्हणजे स्कोप २. वर्षाला २,१६,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी देशाच्या ग्रिडचा गुणक जाहीर करतं, २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो आहे. गुणाकार केला की १५७ टन. डिझेल स्कोप १ मध्ये. ३,६०० लिटर गुणिले २.६८ किलो, म्हणजे ९.६ टन.

ब्रिकेट शून्य नाहीत. बगॅस जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊस वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो स्कोप १ मध्ये धरत नाहीत. पण तो लपवायचाही नाही, 'जैविक' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचा. शिवाय जळताना मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतात, ते मात्र स्कोप १ मध्येच येतात. वर्षाच्या ४८ टन ब्रिकेट, उष्मांक किलोला ३,८०० किलोकॅलरी धरला तर ०.७६ टेराज्यूल होतात. आयपीसीसीचे (हवामान बदलावरचं आंतरराष्ट्रीय मंडळ) गुणक लावले (टेराज्यूलला मिथेन ३० किलो, नायट्रस ऑक्साइड ४ किलो) आणि ते कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत फिरवले, की साधारण दीड टन येतं. वेगळ्या ओळीतला जैविक आकडा ७६ टनांच्या आसपास. एकूण स्कोप १ आणि २ मिळून १६८ टन.

फॉर्म हिग एफईएमचा (कारखान्यांचा पर्यावरण हिशेब भरायची ऑनलाइन प्रणाली) असेल तर टन भरूच नका. त्यात मूळ परिमाण भरायचं असतं: युनिट, लिटर, किलो. गुणाकार ती प्रणाली स्वतः करते. आपण टन काढायचे ते ताळा जुळतो का हे बघायला.

आता चुका कुठे होतात ते. महावितरणच्या औद्योगिक बिलावर केडब्ल्यूएच (खरा वापर, म्हणजे युनिट) आणि केव्हीएएच (पॉवर फॅक्टरमुळे वाढलेला आकडा) असे दोन आकडे असतात, आणि पैसे केव्हीएएचवर लागतात म्हणून लोक तोच उचलतात. हिशेबाला केडब्ल्यूएच घ्यायचा. पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर केव्हीएएच घेतल्यानं वीज ११ टक्के जास्त दिसते. दुसरं, रोजचं रीडिंग वहीत लिहीत असाल तर सीटी मीटरचा गुणक (मीटर खऱ्या करंटचा ठरावीक हिस्साच मोजतो, म्हणून रीडिंगला ज्यानं गुणायचं तो आकडा) लावलाय का बघा. तो राहिला की वापर कितीतरी पटीनं कमी दिसतो आणि पडताळणीला येणारा माणूस नेमका तिथंच बोट ठेवतो. बिलाचा महिना १ तारखेला सुरू होत नाही. जानेवारी ते डिसेंबर हवं असेल तर पहिलं आणि शेवटचं बिल दिवसांच्या प्रमाणात तोडा.

डिझेलची खरेदी म्हणजे वापर नव्हे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, असं काढा. स्वतःच्या मालकीचा टेम्पो असेल तर त्याचं डिझेलही स्कोप १ मध्ये येतं. भाड्याचा असेल तर नाही. एसीत गॅस भरला असेल तर मेकॅनिककडून गॅसचा प्रकार आणि किलो लिहून घ्या. आर-४१०ए एक किलो गळला तरी दोन टनांहून जास्त होतात, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या सगळ्या ब्रिकेटपेक्षा अधिक. हा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: गिऱ्हाईक दोन असताना दोघांनाही पूर्ण १६८ टन देणं. वाटणी करावी लागते. नगांवर वाटलं तर शॉर्ट आणि ट्रॅकसूटचं जॅकेट सारखंच मोजलं जातं, म्हणून इंडस्ट्रियल इंजिनिअरकडची एसएएम मिनिटं (एक नग शिवायला ठरवलेला प्रमाण वेळ) घ्या. नग गुणिले मिनिटं, त्या प्रमाणात. पद्धत एकदा ठरली की दर वर्षी तीच.

सोलरचं: आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला ढोबळमानानं १,४०० युनिट देतं. जून ते सप्टेंबर हात आखडतो, राधानगरी-गगनबावड्याकडे सरकाल तसा जास्तच. १०० किलोवॅटला १०,००० चौरस फूट मोकळं छत लागतं, मिळतात १,४०,००० युनिट, म्हणजे कागदावर १०२ टनांची घट. पण सुट्टीच्या दिवशी बाहेर गेलेली वीज आपल्या वापरात धरता येत नाही. जनरेशन मीटर वजा एक्सपोर्ट, एवढंच स्वतःचं. पॅनल दुसऱ्या कंपनीनं लावून वीज युनिटवर विकायचा करार असेल तर त्या विजेचा 'हरित' हक्क कुणाकडे राहतो ते कलम आधी वाचा. त्यांनी प्रमाणपत्रं विकली असतील तर ती वीज फॉर्ममध्ये सौर म्हणून दाखवता येत नाही.

---

वाफ_आणि_राख

वरचा हिशेब चोख आहे. फक्त १६८ टन म्हणजे किती हे कळायला शेजारी दुसरा आकडा ठेवा. मध्यम प्रोसेस हाऊस दिवसाला ५ टन इंडोनेशियन कोळसा जाळतं असं धरू. ३०० दिवसांचे १,५०० टन कोळसा, त्याचे साधारण ३,००० टन कार्बन डायऑक्साइड. शिलाई युनिटच्या अठरा पट. कपड्यांच्या धंद्यातलं अर्ध्याहून अधिक उत्सर्जन कापड विणणं, रंगवणं आणि फिनिशिंग या टप्प्यात होतं. ब्रँडच्या भाषेत तो टियर २. शिलाई हा टियर १, आणि त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. फॉर्म मात्र आधी शिलाईवाल्याकडे येतो, कारण ब्रँडला पत्ता त्याचाच माहीत असतो.

पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग चढवायला १३० अंश आणि दाबाखालचं भांडं लागतं. सुती कापडाचं रिअ‍ॅक्टिव्ह रंगकाम ६० ते ८० अंशांत होतं. म्हणजे जर्सीचं कापड रंगवायला तापमान जास्त लागतं. त्यावर स्टेंटर, म्हणजे कापड ताणून गरम हवेत सुकवणारं यंत्र. पॉलिएस्टर १८० अंशांच्या वर हीटसेट करावं लागतं, तिथं वाफ पुरत नाही, थर्मोपॅकचं (पाण्याऐवजी तेल तापवणारी भट्टी) तेल अडीचशे अंशांच्या आसपास फिरवावं लागतं. म्हणून 'कोळसा बंद करा' हे बॉयलरला सांगणं सोपं आणि थर्मोपॅकला अवघड आहे. ज्वाला थोडी हलली की तेलाचं तापमान हलतं, आणि कापडाची रुंदी आणि छटा दोन्ही बिघडतात. तिथं पाइपचा गॅस हा व्यवहार्य पर्याय. तेवढ्याच उष्णतेला कोळशापेक्षा चाळीस टक्के कमी उत्सर्जन. पण तोही जीवाश्म इंधनच, म्हणजे २०५० चं उत्तर नव्हे.

बगॅसबद्दल बाहेरच्या लोकांचा समज असतो की कोल्हापुरात कारखान्यांची रांग आहे, इंधन फुकट पडलंय. फुकट कसलं! कारखान्यांनी सहवीज प्रकल्प उभे केलेत, बगॅस तेच जाळतात. गाळप संपल्यावर उरलेल्याचा भाव चढतो आणि पावसाळ्यात ओलावा वाढतो. गिरणीतून निघालेल्या मोकळ्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, त्याचा निव्वळ उष्मांक ब्रिकेटच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे फॉर्ममध्ये दोन्ही एकाच ओळीत 'बगॅस' म्हणून टाकू नका. वजन काट्याच्या पावतीचं घ्या आणि ओलावा महिन्यातून एकदा तरी तपासून घ्या.

कोळशाच्या बॉयलरमध्ये नुसत्या ब्रिकेट टाकून चालत नाही. शेतातल्या इंधनाच्या राखेत पोटॅश आणि सिलिका जास्त, ती कमी तापमानाला वितळून जाळीवर खंगर धरते आणि नळ्यांवर थर बसतो. थर बसला की धुराचं तापमान चढतं. ते २२ अंशांनी वाढलं म्हणजे साधारण एक टक्का इंधन चिमणीतून गेलं समजा. जाळी, खालची आणि वरची हवा, फीडर, धूळ पकडणारी यंत्रणा, सगळं पुन्हा बसवून घ्यावं लागतं. साठ्याला जागा लागते आणि आगीचा धोका सांभाळावा लागतो.

म्हणून इंधन बदलण्याआधी वाफ वाचवा. स्वस्त काम तेच आहे. कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, बॉयलरला परत आणा: फीड पाणी ६ अंशांनी गरम झालं की एक टक्का इंधन वाचतं. ३० अंशांचं पाणी ८० वर नेलंत तर आठ टक्के. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा, अडकून उघडे राहिलेले ट्रॅप कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण काम चालू राहतं. उघड्या फ्लँज आणि व्हॉल्व्हवर जॅकेट घाला. डाइंगचं मशीन बदलायची वेळ आली तर लिकर रेशो बघा. किलोमागे दहा लिटरऐवजी सहा लिटर पाणी म्हणजे तापवायचं पाणीच चाळीस टक्के कमी.

तुमच्या छोट्या बॉयलरला यातलं ट्रॅप आणि इन्सुलेशन एवढंच लागू. प्रेस टेबलाकडे जाणारी पाइप उघडी असेल तर हाताला कळेलच.

---

शाहूपुरी_वाचक

चौथा प्रश्न घेतो, कारण खरी मेख तिथं आहे.

तुमचं स्कोप १ आणि २ हे ब्रँडचं स्कोप ३. त्या स्कोपचे १५ प्रकार आहेत आणि विकत घेतलेला माल हा पहिला. ज्यांचे स्वतःचे कारखाने नाहीत अशा ब्रँडचं जवळजवळ सगळं उत्सर्जन स्कोप ३ मध्येच असतं. त्यामुळे 'आमची कार्यालयं शंभर टक्के हरित विजेवर' ही बातमी वाचली की पान उलटायचं.

वचन वाचताना चार गोष्टी बघा: आधारवर्ष कोणतं, कपात एकूण टनांत आहे की विक्रीमागे, स्कोप ३ त्यात आहे का, आणि कोळशाची तारीख दिली आहे का.

नायकेनं ठरवलं होतं ते २०१५ च्या तुलनेत: २०३० पर्यंत स्वतःच्या आवारातलं ६५ टक्के आणि स्कोप ३ मधलं ३० टक्के कमी, दोन्ही एकूण टनांत. प्यूमाचं पुरवठा साखळीचं जुनं लक्ष्य विक्रीच्या प्रमाणात होतं, नंतर ते बदलून २०१७ च्या तुलनेत ३३ टक्के एकूण कपात असं केलं. हा बदल कागदी नाही. प्रमाणातलं लक्ष्य कसं फसवतं बघा: विक्री दुप्पट झाली आणि रुपयामागचं उत्सर्जन ४० टक्के घटलं, तर अहवालात ४० टक्के यश छापता येतं आणि हवेत २० टक्के धूर जास्त गेलेला असतो. लुलुलेमनचं स्कोप ३ चं लक्ष्य असंच प्रमाणातलं होतं, २०१८ च्या तुलनेत ६० टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टँड डॉट अर्थ या संस्थेनं त्यांच्या हवामानविषयक दाव्यांबद्दल कॅनडाच्या स्पर्धा नियामकाकडे तक्रार केली.

आदिदासचं आधारवर्ष आधी २०१७ होतं आणि लक्ष्य ३० टक्के. नंतर आधारवर्ष २०२२ झालं आणि स्कोप ३ साठी ४२ टक्के. दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून 'वाढवलं की' म्हणू नका, मोजपट्टीच बदलली आहे. याच कंपनीच्या '२०५० पर्यंत हवामान-तटस्थ' या जाहिरातीला मार्च २०२५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग-फ्युर्थच्या न्यायालयानं मनाई केली. तटस्थता कपातीतून येणार की भरपाईची (दुसरीकडे झालेल्या कपातीची) प्रमाणपत्रं घेऊन, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलेलं नव्हतं, हा मुद्दा. पुढे २७ सप्टेंबर २०२६ पासून युरोपीय संघात भरपाईच्या जोरावर एखादी वस्तू 'कार्बन-तटस्थ' म्हणून विकता येणार नाही. ब्रँडना आता खऱ्या मीटरचे आकडे का हवेत, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

कोळशाचं हमीपत्र येतं ते बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या फॅशन उद्योग सनदेतून. डिसेंबर २०१८ मध्ये कातोवित्सेला ती झाली. २०२१ च्या सुधारित मजकुरात २०३० पर्यंत उत्सर्जन निम्मं करणं आणि टियर १ व २ मधून कोळसा काढणं आलं. तुमच्या ब्रँडनं सही केली आहे का ते यादीत दिसेल.

एक आणखी. एखाद्या वर्षी ब्रँडचं उत्सर्जन एकदम खाली आलं तर आधी बघा, त्या वर्षी ऑर्डर किती दिल्या होत्या. गोदामात माल पडून असला की खरेदी घटते, टनही घटतात. बॉयलर तेच असतात.

जाता जाता: आपल्याकडे कुणी 'युरोपचा कार्बन कर कापडावर लागला' म्हणून घाबरवत असेल तर सीबीएएमच्या, म्हणजे त्या कराच्या, यादीत कापड नाही. लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज, हायड्रोजन आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांनी आपापल्या मालाचे एचएस कोड (सीमाशुल्काचे वर्गीकरण क्रमांक) तपासावेत, शिलाईवाल्यांनी नको.

---

जर्सी_छाप

छोटा प्रश्न. इथल्या पेठांच्या फुटबॉल संघांच्या जर्सी आपण सब्लिमेशनवर (कागदावरची छपाई उष्णतेनं कापडावर उतरवून) करतो. 'रिसायकल पॉलिएस्टर' मागणारी गिऱ्हाइकं वाढलीत. त्यानं हा हिशेब खरंच कमी होतो का?

---

वाफ_आणि_राख

@जर्सी_छाप धाग्यापुरता होतो. बाटल्यांचं पीईटी वितळवून धागा काढला तर पेट्रोरसायनापासून नवीन बनवण्याचा टप्पा वाचतो. पण धागा झाल्यावर तो त्याच १३० अंशांत रंगतो, त्याच स्टेंटरवर जातो. रिसायकल लेबल आणि कोळशाचं थर्मोपॅक एकाच कपड्यात सुखानं नांदतात.

तुमच्या सब्लिमेशनला वेगळा फायदा आहे: पांढरं कापड, रंगाची टाकी नाही, कागदावरून २०० अंशांच्या आसपास पाऊण ते एक मिनिट दाबलं की झालं. उष्णता विजेची, म्हणजे मोजायलाही सोपी. कागद वाया जातो तो वेगळा. 'रिसायकल' छापायचं असेल तर धाग्यापासूनचं जीआरएस (रिसायकल मालाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आणि प्रत्येक खेपेचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मागा. नुसत्या टॅगला अर्थ नाही.

---

कागल_शिलाई

सगळ्यांचे आभार, बराच उलगडा झाला. दोन गोष्टी राहिल्या. हमीपत्राचा मसुदा असा आहे: 'आम्ही व आमचे पुरवठादार कोणत्याही स्वरूपात कोळसा वापरत नाही.' यावर सही करायची का? आणि सोलरचा खर्च ब्रँड उचलेल का?

---

शाहूपुरी_वाचक

खर्चाचं आधी. ब्रँड थेट पैसे देतो असं क्वचितच. काही ठिकाणी बिलाचे पैसे लवकर आणि कमी व्याजानं मिळण्याची सोय असते. प्यूमानं २०१६ पासून बीएनपी परिबा ही बँक आणि जागतिक बँक गटातली आयएफसी यांच्यासोबत तसं केलंय, पुरवठादाराचा शेरा चांगला तर व्याज कमी. तुमच्या बायिंग हाऊसला लेखी विचारा. देशात सिडबीची (लघुउद्योगांना कर्ज देणारी सरकारी बँक) ऊर्जा बचतीची ४-ई योजना आहे. तिच्यात आधी ऊर्जा लेखापरीक्षण होतं. ते तसंही करून घ्यायचंच आहे. आणि ऑर्डर किती वर्षांची हे विचारल्याशिवाय पाच-सात वर्षांच्या परतफेडीचं कर्ज डोक्यावर घेऊ नका. २०३० चं वचन देणारे खरेदीची ऑर्डर हंगामापुरतीच देतात.

---

युनिट_मोजणारा

मसुदा आहे तसा सही करू नका. 'कोणत्याही स्वरूपात' म्हटलं की ग्रिडची वीजही आली, आणि ती बहुतांश कोळशाचीच. 'आमचे पुरवठादार' म्हटलं की सुरत, तिरुपूर आणि इचलकरंजीची प्रोसेस हाऊसं आली. त्यांच्या बॉयलरची हमी तुम्ही कशी देणार? मजकूर असा सुचवा:

'आमच्या आवारातील बॉयलर व अन्य उष्णता-उपकरणांत दगडी कोळसा, लिग्नाइट वा पेटकोक वापरला जात नाही. पर्यायी इंधन म्हणून फक्त एलपीजी वापरू. कापड प्रक्रिया करणाऱ्या पुरवठादारांची नावे व पत्ते सोबत जोडले आहेत. त्यांच्या इंधनाची माहिती त्यांच्याकडून घ्यावी.'

एलपीजीची ओळ मुद्दाम घातली आहे. ऑगस्टमध्ये ब्रिकेटचा ट्रक अडकला तर गडी कोळशाची चार पोती आणून टाकतील आणि हमीपत्र तिथंच मोडेल. १९ किलोचा एक सिलिंडर म्हणजे जवळपास ५७ किलो कार्बन डायऑक्साइड, तेवढं वहीत लिहा.

सहीआधी दोन कागद तपासा. ब्रिकेटवाल्याच्या बिलावर 'व्हाइट कोल' लिहिलेलं असतं, ते बदलून 'बगॅस ब्रिकेट' करून घ्या. नाहीतर पडताळणीला येणारा तो कोळसाच धरतो आणि खुलासा करण्यात महिना जातो. दुसरा कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा. त्यात बॉयलरचं इंधन आणि प्रमाण छापलेलं असतं. जुन्या संमतीपत्रात तिथं 'कोळसा' असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज करा, आणि अर्जाची पोच हमीपत्राला जोडा.